कान, कवडी आणि मागची लिफ्ट

माणूस पाहताक्षणीच त्याची कुंडली मांडण्याची विद्या पांढरपेशा समाजास कोणत्याही शिकवणीविना अवगत होते, आणि ती आपल्याला इतरांहून काकणभर अधिकच साधली आहे, अशी या वर्गातील प्रत्येकाची (प्रस्तुत लेखक अर्थातच त्यात आला) नम्र समजूत असते. या विद्येला शास्त्राचा मान मिळवून देण्याचा मोठा खटाटोप चेझारे लोंब्रोझो या इटालियन वैद्याने केला. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ‘जन्मजात गुन्हेगार’ म्हणजे ज्याचा अपराध त्याच्या हाडातच असतो असा मनुष्य कल्पिला, आणि मोठा जबडा, उंच गालफडे, लांब हात व डोक्यापासून फटकून उभे राहिलेले कान या त्याच्या खुणा सांगितल्या.

कानांचा विषय येथे थोडा लांबवणे भाग आहे, कारण हे वर्णन वाचून आरशाकडे न वळणारा वाचक विरळाच. प्रस्तुत लेखकाने तर फूटपट्टीही वापरली असून निष्कर्ष गोपनीय ठेवला आहे, मात्र शेजाऱ्यांचे कान शास्त्राला पुरेपूर अनुकूल आढळले, हे नमूद करण्यास हरकत नाही. लोंब्रोझोची शास्त्रनिष्ठा एवढी की त्याने स्वतःचा देहही अभ्यासासाठी देऊ केला, आणि त्याचा सांगाडा आज तूरिनच्या संग्रहालयात उभा आहे. सांगाड्याला कान नसतात, हे त्याच्या पथ्यावरच पडले. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग याने सुमारे ३,००० कैद्यांची मापे घेऊन, गुन्हेगाराची अशी शारीरिक जात नसतेच, असे १९१३ साली दाखवून दिले. सोसायट्यांच्या फाटकापर्यंत ही वार्ता अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

योगायोग असा की त्याच १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, जन्माला आले. अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, असा त्यांचा थाट असे. लोंब्रोझोच्या कोष्टकात हा कान कोठे बसला असता, सांगणे कठीण. गावात शिरताच ते आधी रस्ते झाडीत, रात्री कीर्तन करीत, आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या करीत. आज त्यांची तसबीर अनेक सोसायट्यांच्या कार्यालयात हार घालून लावलेली असते, पण त्याच वेषात ते स्वतः फाटकाशी आले तर पहारेकरी नोंदवहीत ‘कोणाकडे जायचे’ हा रकाना भरून घेतल्याशिवाय त्यांना आत सोडणार नाही.

याच दृष्टीला ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायद्याचे रूप दिले. गुन्हेगार जमाती कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने समूहच्या समूह जन्मापासून संशयित ठरवले, त्यांची नोंद झाली, पोलिसांकडे हजेरी लागली. १९५२ साली तो रद्द झाला व या समूहांस ‘विमुक्त’ म्हणजे बंधनातून सुटलेले म्हटले जाऊ लागले. तरी त्यांपैकी एखादे पारधी कुटुंब रेल्वेच्या डब्यात शिरले की आजही शेजारची पिशवी मांडीवर घेतली जाते, आणि पिशवी घेणारा स्वतःला सावध म्हणवतो, क्रूर नव्हे. याची चीड येते.

चांगुलपणा मात्र ही तपासणी न करता रोज चालू असतो. लिफ्ट बंद पडलेल्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या आजींची दळणाची पिशवी कचरा उचलणारा माणूस न सांगता वर आणून ठेवतो. ‘खाली ठेवू नकोस हो बाबा, ओट्यावर ठेव, आणि पीठ मोजलेलं आहे’ असे आजी म्हणतात, आणि तो ‘मोजा की आजी, पण आधी बसा, गुडघा दुखतोय ना’ असे उत्तर देतो. लिफ्ट चालू असते त्या दिवसांत या माणसाला पुढची लिफ्ट वापरण्याची मुभा नसते. त्याच्यासाठी मागची, सामानाची लिफ्ट असते. हा नियम बदलावा असा ठराव वार्षिक सभेपुढे येतो, गणपूर्तीअभावी, म्हणजे आवश्यक तेवढे सभासद न जमल्याने, पुढे ढकलला जातो, आणि गच्चीवर मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या जिन्याने खाली नेण्याचे काम, अर्थातच, त्यालाच सांगितले जाते.