जुन्या पिकअपच्या फाळक्याला रिमोटचं लॉक : नवशिक्यांसाठी

घरात जुनी पिकअप आणि अंगात खुमखुमी, या दोन्ही गोष्टी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी ही माहिती. विजेचं ज्ञान लागत नाही. ज्याला ते आहे तो या कामाला हात लावत नाही. गाडी टाटा 207 असो, बोलेरो असो की छोटा हत्ती, कृती थोड्याफार फरकाने तीच. काम उन्हाळ्यात काढावं. पावसाळ्यात काय होतं ते पुढे येईलच.

फाळक्याला लॉक ही कल्पना मुळात अमेरिकेतली. कारखान्यातून तयार निघणारी पिकअपही तिथलीच. फोर्डने 1925 साली मॉडेल टीच्या मागे हौदा आणि फाळका लावून ती 281 डॉलरला विकायला काढली. तिथल्या आजच्या फाळक्याला मधोमध एकच मूठ असते. मूठ ओढली की आतल्या दोन सळ्या दोन्ही कडांच्या खिट्ट्या सोडवतात. लॉक बसवायचं म्हणजे या मुठीची हालचाल अडवणारी एक छोटी मोटर आत ठेवायची. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी उरकणारं काम. शिवाय तिथे अख्खा फाळकाच चोरीला जातो. तो अर्धवट उघडून एका बाजूने उचलला की बिजागरीतून सुटतो, आणि अलीकडे त्यात कॅमेरा असल्यामुळे त्याला भावही चांगला येतो. आपल्याकडे फाळका कोणी नेत नाही. नेतात ती बॅटरी, स्टेपनी आणि टाकीतलं डिझेल. मग आपण हे लॉक कशासाठी बसवतोय, असा प्रश्न वाचकाला पडेल. तो गॅरेजमध्ये मोठ्याने विचारू नये. हौदा वरून उघडाच असतो, हा दुसरा प्रश्नही तूर्त खिशात ठेवावा.

बाजारात गेल्यावर ‘फाळक्याचं लॉक द्या’ असं म्हणू नका. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा तालुक्याच्या गावी काय, दुकानदार दोन लोखंडी हूक आणि एक पितळी कुलूप काउंटरवर ठेवील, आणि खरं तर हा लेख तिथेच संपायला हवा. मागायचा तो कारच्या दारांचा सेंट्रल लॉकचा सेट. त्यात चार मोटर, एक काळा कंट्रोल बॉक्स, वायरींचा गुंता, भोकं पाडलेल्या पट्ट्या, बारीक सळ्या आणि रिमोट येतात. काही मोटरना पाच वायरी असतात, काहींना दोन. पाच वायरींची मोटर ड्रायव्हरच्या दारासाठी. दार उघडलं की बंद, ही खबर ती बॉक्सला देते. फाळक्याला दोन वायरींची पुरते. उरलेल्या मोटर केबिनच्या दारांना लावता येतील, असा मोह होईल. ज्या केबिनचं डावं दार आतून सुतळीने बांधलेलं आहे तिथे तो आवरावा.

आता गाडीच्या मागे उभं राहून फाळका लावून बघा. एका हाताने, जोर न लावता. नाही ना लागत? पंधरा वर्षं त्यावर हमालांनी उड्या मारल्यात, गोडाऊनच्या धक्क्यावर तो आदळलाय, कुणाच्या तरी लग्नातलं कपाट त्याच्यावरून ओढत नेलंय. तुमचा ड्रायव्हर तो रोज कसा लावतो ते नीट बघा. डावा कोपरा तळहाताने वर, मधोमध गुडघा, उजवीकडे लाथ, आणि लाथ बसल्या क्षणी हूक. हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलंय की विचाराल तर ‘सरळ लागतो की’ असं उत्तर मिळेल. ही कला मोटरला शिकवता येत नाही. तिची सळई जेमतेम दोन सेंटिमीटर सरकते आणि तिचा जोर कारच्या दारातली खिट्टी हलवण्यापुरता. म्हणून विजेच्या या कामाची सुरुवात डेंटरकडे होते. तो पोचे काढेल, बिजागरीच्या झिजलेल्या पिना बदलेल आणि फाळका सरळ करून देईल. सरळ झालेला फाळका आता हुकांना जुळणार नाही, कारण मागच्या कुठल्यातरी मालकाने ते हूक वाकड्या फाळक्याच्या मापाने वेल्ड केले होते. मग वेल्डर. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा आणि डिझेलची टाकी कुठल्या बाजूला आहे ते वेल्डरला दाखवा. त्याला माहीत असतं, तरी दाखवा.

यानंतर मुख्य अडचण. आपल्या फाळक्याला मधोमध मूठ नसतेच; दोन कडांना दोन हूक आणि सोबतीला साखळी. एका मोटरने दोन टोकं कशी सांभाळायची? उत्तर घरातल्या लोखंडी कपाटात आहे. कपाटाची मूठ फिरवली की एक सळई वर जाते, एक खाली. तेच आडवं करा. फाळक्याच्या मध्यावर एक फिरती चकती, तिच्या समोरासमोरच्या दोन बिंदूंना दोन सळ्या, सळ्यांच्या टोकांना बोल्ट. चकती फिरली की दोन्ही बोल्ट एकदम आत येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे रेखाटन दाखवलंत तर कारागीर कागदाकडे न बघताच माप विचारेल.

इथे नवशिके एक चूक हमखास करतात. चकती फिरवायचं कामच ते मोटरला देतात. मोटर घुरघुरते, चकती जागची हलत नाही आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. चकती हातानेच फिरवायची. मोटरने फक्त एक लहान पिन चकतीच्या भोकात सारायची किंवा काढायची, म्हणजे पिन आत असताना मूठ फिरत नाही. आळशी वाचकांची यात निराशा होईल. रिमोट दाबला आणि फाळका अलगद खाली आला, असं दृश्य डोळ्यांसमोर असेल तर ते पुसून टाका. जुन्या पिकअपचा लोखंडी फाळका अलगद कधीच खाली येत नाही. तो येतो तेव्हा मागे कोणी उभं नसावं.

मुठीसाठी भोक कुठे पाडायचं? मधोमध, म्हणजे नेमकं पेंटरने नाव काढलंय तिथे. ‘आईचा आशीर्वाद’ असेल तर दोन शब्दांमधली जागा सोयीची, आणि भोक पाडताना आई घरात आहे ना हे बघून घ्यावं. इंग्रजीत ‘हॉर्न ओके प्लीज’ असेल तर ‘ओके’मधला ओ हा परमेश्वरानेच आखून ठेवलेला गोल आहे. राज्याच्या परिवहन खात्याने 2015 साली ही अक्षरं रंगवायला मनाई केली, कारण मागच्याला त्यातून हॉर्न बडवायचं आमंत्रण मिळतं. तेव्हा त्या ओला भोक पाडणं ही कायद्याचीच सेवा. आधी सेंटर पंच मारा, मग बारीक ड्रिल, मग मोठं. कापलेल्या कडेला रेड ऑक्साइड लावा. नाही लावलंत तर आईच्या आशीर्वादाखालून गंजाचा ओघळ उतरेल आणि ते चांगलं दिसत नाही.

आता वायरिंग. इथे घाई नको, कारण मजा सगळी इथेच आहे.

बॅटरीचा आधी निगेटिव्ह काढायचा, जोडताना तो शेवटी जोडायचा. निगेटिव्ह गाडीच्या अख्ख्या लोखंडाला जोडलेला असतो. आधी पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर जी ठिणगी उडते ती बघून नवशिका तत्काळ जाणकार होतो. त्यानंतर डॅशबोर्डखाली डोकं घाला. तिथे आजवरच्या सगळ्या वायरमननी आपापली आठवण सोडलेली असते. टेपची वायर, टेप काढल्यावर उरलेली वायर, बंपरवरच्या फोकसची, रिव्हर्सच्या गाण्याची, आणि एक अशी की जी कुठूनच येत नाही पण कापली की हॉर्न बंद पडतो. ज्या दिवशी दुकानात जो रंग होता तो वापरल्यामुळे रंगांवरून काही कळत नाही. टेस्ट लॅम्प घ्या आणि नवी वायर सरळ बॅटरीपासून ओढा. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवा. अशा सेटला 10 किंवा 15 अँपिअरचा चालतो. फ्यूज मोटरसाठी नसतो, वायरसाठी असतो. चासीच्या धारेवर घासून वायरचं आवरण सोललं की गाडी पेटते, आणि मध्ये फ्यूज असला की फक्त लॉक बंद पडतं. हे वाक्य विनोदाने लिहिलेलं नाही.

पण बॅटरी पुढे आणि फाळका मागे. एवढी वायर, तीही फ्लेक्झिबल पाइपात घालून, सायलेन्सर आणि शाफ्टपासून लांब ठेवत, चासीला जागोजागी बांधत न्यायची म्हटलं की कोणीतरी शेजारी सुचवतोच, ‘अरे, मागच्या लाइटला करंट आहेच की, तिथून घे.’ कुठलं काम फार अवघड वाटायला लागलं की असा माणूस आपोआप उगवतो. त्याचं ऐकलंत तर काय होईल ते सांगून ठेवतो. पार्किंग लाइटच्या वायरवरून करंट घेतलात तर लॉक फक्त दिवे लावल्यावर चालेल. दिवसा माल उतरवायचा तर भर उन्हात गाडीचे दिवे लावावे लागतील. ब्रेक लाइटवरून घेतलात तर एकाने केबिनमध्ये ब्रेक दाबून बसायचं आणि दुसऱ्याने मागे रिमोट दाबायचा. रिव्हर्स लाइटवरून घेतलात तर फाळका उघडण्यासाठी चावी फिरवून रिव्हर्स गिअर टाकावा लागेल, आणि लॉक उघडताना आजूबाजूच्या सगळ्यांना रिव्हर्सचं गाणं ऐकावं लागेल. इंडिकेटरवरून घेणाऱ्यांचं लॉक फक्त वळताना जागं असतं, तेही थांबून थांबून. हे चारही प्रकार रस्त्यावर आहेत. त्यांचे मालक समाधानी आहेत, कारण त्यांना वाटतं विजेचं लॉक असंच असतं.

मोटरच्या दोन वायरींत प्लस-मायनस एका दिशेने दिला की सळई बाहेर येते, उलटा दिला की आत जाते. सेटमधला बॉक्स हेच करतो आणि सेकंदभराच्या आत करंट तोडतो. काही काटकसरी लोक बॉक्स वगळून डॅशबोर्डवर साधा स्विच बसवतात. स्विच बंद करायला कोणीतरी विसरतं, करंट चालू राहतो आणि मोटर शांतपणे भाजून निघते. बॉक्स लावा. तो सीटमागे कोरड्या जागी ठेवा, जिथे ड्रायव्हरची पाण्याची बाटली नसते. अशी जागा केबिनमध्ये सापडली तर.

फाळक्याजवळ वायरला सैल वळसा द्या. फाळका खाली पडला की ती ताणली जाऊ नये आणि वर लावताना बिजागरीत चेंगरू नये. हा वळसा किती मोठा असावा ते फाळका चारदा उघडून-लावून ठरवा. अंदाजाने ठरवलेला वळसा नेमका हमालाच्या पायात अडकतो.

पाण्याचं आता सांगतो. ही मोटर कारच्या दारात, पत्रा आणि रेक्झिनच्या आड राहण्यासाठी जन्मलेली आहे. तिला आपण मागच्या चाकांच्या चिखलात, शेणखताच्या आणि मासळीच्या पाण्यात आणि वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्यासमोर ठेवतोय. तिच्यावर रबरी पट्टीसकट पत्र्याचं झाकण हवं, आणि झाकणाला तळाशी बारीक भोक हवं, कारण पाणी आत शिरतंच. त्याला बाहेरची वाट लागते. वायर मोटरमध्ये खालून वर शिरू द्या. वरून उतरत आलेली वायर पाण्याला थेट मोटरच्या पोटात नेऊन सोडते. एवढं सगळं करूनही आषाढात मोटर एकदा तरी अडकेल.

म्हणून शेवटचा भाग: चोरदोरी. बॅटरी उतरली, किंवा चोराने बॅटरीच नेली, तर पिन आतच राहते आणि आत टोमॅटोचे क्रेट असतात. मार्केट यार्डात लिलावाची वेळ झालेली असते. अशा वेळी हाताने पिन ओढायला नायलॉनची एक दोरी मोटरच्या सळईला बांधून हौद्याच्या तळाखाली, सहज दिसणार नाही अशी सोडावी. ही दोरी गुप्त ठेवा. ती ड्रायव्हरला सांगावी लागेल, ड्रायव्हर क्लीनरला सांगेल, क्लीनर यार्डातल्या हमालांना. दिवाळीपर्यंत फाळका सगळे दोरीनेच उघडत असतील आणि रिमोट तुमच्या पोराच्या खेळण्यात असेल.

आता खिशातला प्रश्न बाहेर काढायला हरकत नाही. उघड्या हौद्यात चाकावर पाय देऊन कोणीही चढू शकतो. त्याला फाळका उघडायची गरजच नाही. ज्यांच्या गाडीवर पत्र्याची बंद बॉडी आहे, जे पार्सल किंवा किराणा पोचवतात आणि गल्लीत गाडी उभी करून वर माल द्यायला जातात, त्यांना हे लॉक खरोखर कामाचं आहे. त्यांनी ते बसवावं, आणि वायरिंग चांगल्या वायरमनकडून करून घ्यावं. उघड्या हौद्याला ताडपत्री, दोर आणि दोन साधी कुलुपं पुरतात.

दोघांनाही विनंती एकच. काम झाल्यावर जुने हूक आणि साखळ्या भंगारवाल्याला देऊ नका. घाटाच्या चढावर कांद्याच्या गोण्या मागे सरकतात तेव्हा त्यांचा रेटा हूकच घेतात. मोटरची पिन तो पेलत नाही.