घरात जुनी मारुती आणि नवी गिटार एकत्र कशी नांदवावी

साहित्य : मारुती आठशे एक, गिटार एक, घरातली माणसे चार (एक तरी विरोधात असावे, नाहीतर छंदाला चव येत नाही), टाकायला काढलेले बनियन दोन, संयम चवीपुरता.

आधी गाडी, कारण ती घरात आधी आली. आमची १९९७ची आहे. मारुती आठशे १९८३मध्ये बाजारात आली आणि २०१४च्या सुरुवातीला कारखान्यातून निघायची थांबली. म्हणजे आता ती जेवढी आहे तेवढीच, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. ‘विका’ हा शब्द त्यामुळे निदान आठवडाभर लांबतो. पंधरा वर्षे झाली की नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओत जाऊन पर्यावरण कर भरायचा, गाडी दाखवायची आणि पुढची पाच वर्षे पदरात पाडून घ्यायची. मी हे करून आलो त्या दिवशी हिने विचारले, “अहो, माणसांचंही करून देतात का तिथे?”

गाडी बाहेर काढली की सोसायटीतले दोन प्रश्न ठरलेले. “अजून चालते?” आणि “अॅव्हरेज किती देते?” पहिल्याला नुसती मान डोलवावी. दुसऱ्याला कुठलाही आकडा ठामपणे सांगावा, कारण विचारणाऱ्याला आकडा नको असतो, आपल्या गाडीचा सांगायचा असतो.

आता थंडीतली सुरुवात. हा भाग नवशिक्यांनी दोनदा वाचावा. डिसेंबरात निफाडचा पारा घसरला की द्राक्षवाले बागांमधून शेकोट्या पेटवतात, आणि इकडे इंदिरानगरात मी चोक ओढतो. चोक पूर्ण बाहेर. अॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी. चावी फिरवायची, इंजिनाने पकडले की श्वास रोखायचा आणि मग चोक इंचाइंचाने आत ढकलत न्यायचा. घाई केली तर गाडी बंद पडते. विसरलात तर मागून काळा धूर निघतो, प्लग काजळतात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू वाळत घातलेल्या चादरी काढायला गॅलरीत येतात. प्लग तीनच आहेत. प्लगपान्याने काढावेत, पॉलिश पेपरने हलके घासावेत, फुंकावेत, परत बसवावेत. चौथा शोधत बसू नये. इंजिनच तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे आहे. मी पहिल्यांदा शोधला होता.

गिटार मात्र माझी नाही, मुलीची. ती अकरावीला असताना आली. गिटार आणायची योग्य वेळ कोणती, असे पुष्कळ पालक विचारतात. योग्य वेळ नसतेच. दहावीला “दहावी आहे”, बारावीला “बारावी आहे”, मधल्या वर्षी “आत्ताच तर पाया पक्का करायचा असतो”. आम्ही त्या मधल्या फटीतून गिटार आत सरकवली.

पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात, मग घट्टे पडतात. या काळात मूल भांडी घासायला नकार देते. तो खरा मानावा. सी, जी, डी जमले की पोर स्वतःवर खूश होते आणि मग एफ येतो. एफला एका बोटाने सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. क्लच केबल जड झालेली मारुती सीबीएसच्या सिग्नलला संध्याकाळी ज्यांनी हाताळली असेल, त्यांना वेगळे सांगायला नको. नियम एकच : एफ चालू असताना घरातल्यांनी त्या खोलीत जायचे नाही, आणि कौतुकही करायचे नाही. कळते त्यांना.

आजींचा मुद्दा वेगळा. माझी आई तरुणपणी गाणे शिकली आहे, पेटीच्या साथीपेक्षा तंबोऱ्यावर जास्त. नातीने ट्यून केलेली गिटार ऐकून ती म्हणाली, “पोरी, गंधार चढा लागतोय तुझा.” मुलीने मोबाइलवरचा ट्यूनर दाखवला, हिरवा दिवा दाखवला. आई म्हणाली, “दिवा हिरवा आहे गं, गंधार चढाच आहे.” मी या भांडणात पडणार नव्हतो, पण पडलो, वाचले, आणि निघाले ते असे की आईचे बरोबर. गिटारच्या पट्ट्या सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेल्या असतात, आणि त्या हिशेबात गंधार तंबोऱ्यातून आपसूक ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा वर जातो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. एवढा फरक तिच्या कानाला लागला. मुलीचा ट्यूनरही खोटा नव्हता. तेव्हापासून आमच्या घरात दोन गंधार आहेत. जेवताना विषय काढू नये.

आता मुख्य कृती, ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले. मारुतीच्या डॅशबोर्डवर वेग दिसतो, इंजिनाचे फेरे दिसत नाहीत. गिअर कधी बदलायचा हे कानाने ठरवायचे, आणि मुलीला तेच जमत नव्हते. परवाना हातात आलेला, गाडी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये रडत चाललेली. एका रविवारी सकाळी गंगापूर धरणाकडे निघालो. मी चालवत होतो, ती शेजारी गिटार मांडीवर घेऊन. सोमेश्वर मागे टाकल्यावर ती एकदम म्हणाली, “बाबा, थांब, वेग बदलू नकोस. हा ई आहे.” आणि सर्वांत जाड तार वाजवली. इंजिन आणि तार एकच बोलत होते.

घरी येऊन कागदावर मांडले. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. तीन सिलिंडर, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन ठोके. मिनिटाला ३,३०० फेरे धरले तर सेकंदाला ५५ फेरे आणि साडेब्याऐंशी ठोके. गिटारची जाड तार सेकंदाला सुमारे ८२.४ वेळा थरथरते. इतके जवळ! त्या दिवसापासून शिकवणी सोपी झाली : ई आला की गिअर टाक. पुढच्या तारेचा ए ११० कंपनांचा. त्यासाठी इंजिनाला मिनिटाला ४,४०० फेरे मारायला लावावे लागतात. तो प्रयोग आम्ही एकदाच केला. त्या वेळी डॅशबोर्ड, मागचे दार आणि मागच्या सीटवरची ही, असे तिघे एकदम वाजले.

मागच्या सीटवरून आठवले. गिटार मारुतीत मागे आडवी मावते. मग माणूस मावत नाही. उभी ठेवली तर मान पुढच्या दोन सीटांमधून डोकावते आणि दर वेळी तिसरा गिअर टाकताना खुंट्यांना कोपर लागते. पोहोचेपर्यंत दोन तारा उतरलेल्या असतात. यावर उपाय नाही.

उन्हाळ्यात गिटार बंद गाडीत ठेवू नये, हे मी ठळक अक्षरांत लिहिले असते. मे महिन्यात वणीच्या गडावर गेलो, गिटार मागे राहिली, काचा बंद. दर्शन, प्रसाद, रसवंती. परत आलो तर आत हात लावता येईना इतके तापलेले, आणि तारा ज्या पट्टीला अडकवतात तो ब्रिज डिंक सुटून एका बाजूने उचललेला. मुलगी गडाखाली येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. दुरुस्तीचे पैसे मी दिले. ते कार्ब्युरेटरसाठी बाजूला काढलेले होते.

पावसाळ्यात उलटे. गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की नाशिककर पुलावर बघायला गर्दी करतात. त्याच सुमारास गिटारचे लाकूड दमटपणाने फुगते, तारा पट्ट्यांपासून वर जातात आणि एफ पुन्हा अशक्य होतो. चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या फेकू नयेत, गिटारच्या पिशवीत टाकाव्यात. आमच्या मारुतीची मात्र पुलावर कोणी गर्दी करून वाट पाहत नाही. तिची बॅटरी उतरते आणि धक्का मारायला वॉचमन लागतो. त्याच्याशी वर्षभर गोड बोलावे.

दसऱ्याला दोघींची पूजा होते. गाडीला झेंडूचा हार, गिटारला आपट्याचे पान. आईने गेल्या वर्षी गिटारवर पाणी शिंपडले आणि आठ दिवसांत तारा गंजल्या, म्हणून यंदा नुसत्या अक्षता.

शेवटी दोन सूचना. तारांचा संच घेताना पहिली, सर्वांत बारीक तार दोन जास्तीच्या घ्या, तुटते ती तीच. आणि आमची मारुती विकायची नाही, कृपया विचारायला येऊ नये.