पैसे देऊन हरळी

परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरचं ऊन यांच्यामधल्या फटीत लॉनची निगा राखायची असते. माझं लॉन चार माणसं ऐसपैस बसली तर दिसेनासं होईल एवढंच आहे. पण मी 'आमचं लॉन' म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निदान दोन घोडे तरी यावेत, असा माझा सूर असतो. रोपवाटिकेतून ते मी चौरस फुटाच्या भावाने आणलं. नाव बर्म्युडा.

शेणखताकडे वळण्याआधी लव्हाळ्याविषयी दोन शब्द. तुकोबांनी त्याला नम्रतेचा मान दिला, पण तुकोबांना लॉन नव्हतं. उपटायला गेलं की लव्हाळा अगदी नम्रपणे हातात येतो आणि गाठींची माळ जमिनीखाली तशीच ठेवतो. खुरप्याने माळ तुटली तर आणखी बरं, जी गाठ सुटी होते ती स्वतंत्र कोंब काढते. या वासाच्या गाठी म्हणजेच नागरमोथा. भाद्रपदात मी घमेलं भरभरून कचऱ्यात टाकतो आणि आश्विनात तोच उटण्याच्या पुडीतून विकत आणून अंगाला चोळतो. बायको म्हणते, घरीच वाळवा की. पण पुडीवरच्या वेलबुट्टीची सर घमेल्याला कुठून येणार?

हां, शेणखत. चाळून, पोयट्यात मिसळून पातळ पसरावं आणि पाणी द्यावं. गवत फार खालून कापू नये, उन्हाने जळतं. झालं.

मध्यंतरी गावाहून अण्णा आले. त्यांना मी लॉनवर खुर्ची दिली. त्यांनी वाकून एक काडी उपटली, पेरं पाहिली.

"ही तर हरळी हाय."

"बर्म्युडा म्हणतात, अण्णा."

"इकत आणली?"

मी भाव सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "औंदा काशा येचायला माणूस मिळंना. तुला धाडू का पोतंभर?"

उन्हाळ्यात नांगरट झाली की अण्णा कुदळीने हरळी खणायचे आणि आई ढेकळांतून काशा वेचून बांधावर जाळायची. दोघांचे तळवे कधी मऊ झाल्याचं मला आठवत नाही. त्या रानात मग जे पिकलं, त्यावर मी शिकलो. शिकलो म्हणून मला लॉन परवडलं.

पोत्याला मी अजून हो-नाही कळवलेलं नाही. लव्हाळा मात्र कोणालाही मिळेल. घमेलं आपलं आपण आणावं आणि खणायचंही आपणच.