ट्रे कोणी लावला?

बोरीवली पश्चिमेला एलटी रोडवरून बाभईकडे आणि तिथून वझिरा नाक्यापर्यंत चालत जा. दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. त्यातल्या एखाद्या काचेवर आतून चिकटवलेला कागद हमखास दिसतो : ‘असिस्टंट मुलगी पाहिजे. दहावी पास. अनुभवाची गरज नाही.’

हे साडीच्या दुकानाने लिहावं, झेरॉक्सवाल्याने लिहावं. माणसाच्या तोंडात, उघड्या हिरडीत, रक्तात जाणारी हत्यारं जिच्या हाती सोपवायची, तिच्याबद्दल डॉक्टरांनी हे लिहू नये.

गोराईतून, काजूपाड्यातून, दहिसरच्या गणपत पाटील नगरातून आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी सोमवारी रुजू होते. जुनी असिस्टंट असली तर ती दोन दिवस दाखवते, नसली तर डॉक्टर काम करता करता सांगतात. हा मिरर, हा प्रोब, हा ट्विझर. सक्शन असं धर, गालाला चिकटू देऊ नकोस. मापासाठी अल्जिनेट घोटताना पाणी गार घे, नाहीतर तोंडात जायच्या आधीच घट्ट होईल. पोरी हुशार असतात, हात चटकन बसतो. आठवड्याभरात पेशंट ‘सिस्टर’ म्हणू लागतात. डोळ्यांना दिसतं ते सगळं त्या महिन्याभरात शिकतात. जे दिसत नाही ते शिकायचं राहून जातं, आणि दातांच्या दवाखान्यातला खरा धोका न दिसणाराच असतो.

दाढ काढून झाली की फोर्सेप्स बेसिनपाशी येतो. तो आधी ब्रशने घासायचा. सांध्यातलं रक्त निघालंच पाहिजे, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. मग कोरडा करून पाऊचमध्ये सील करायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये ठेवायचा, दाटीवाटी न करता. 121 अंश सेल्सियस, 15 पौंड दाब, आणि तिथे पोचल्यानंतरची किमान 15 ते 20 मिनिटं. पाऊचवरची पट्टी रंग बदलते ती फक्त आच लागल्याची खूण. जंतू मेले की नाही हे कळायला अधूनमधून स्पोअर टेस्ट करावी लागते.

आता संध्याकाळचे साडेसात वाजलेत असं समजा. बाहेर बाकावर पाच जण, दात कोरायचे हँडपीस तीनच, आणि आतून आवाज येतो, ‘पुढच्यांना घे गं.’ हँडपीस स्पिरिटने पुसून परत लावायचा, की ‘सर, वीस मिनिटं थांबावं लागेल’ म्हणायचं? शिक्षण नसेल तर थांबायचं कारणच तिला ठाऊक नसतं. नोकरी कच्ची असेल तर कारण ठाऊक असूनही तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हातात आहेत, तिच्या नाहीत.

तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत काय झालं ते प्रत्येक दवाखान्याने भिंतीवर लावावं. 2022-23 मध्ये तिथल्या एका दातांच्या दवाखान्यात उपचार घेतलेल्या आठ जणांचा न्यूरोमेलिऑयडोसिस या मेंदूपर्यंत जाणाऱ्या जंतुसंसर्गाने मृत्यू झाला. तपास करणाऱ्या संशोधकांचं बोट सलाईनच्या बाटलीवर गेलं. बाटली शस्त्रक्रियेच्याच हत्याराने उघडली जायची, तोंडाला कापसाचा सैलसर बोळा लावला जायचा आणि उरलेलं सलाईन पुढच्या पेशंटला वापरलं जायचं. बाटली उघडणं, झाकणं, दिवस संपल्यावर फेकून देणं ही कामं बोरीवलीत कोण करतं? बहुतेक ठिकाणी तीच दहावी पास मुलगी. उघडलेली बाटली उद्याला ठेवायची नाही, हे तिला कोणी शिकवलंय का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि तिच्या जिवाचं काय? भुलीचं इंजेक्शन देऊन झालं की सुईला टोपण दोन्ही हातांनी लावायचं नसतं. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची असते. हे पाच मिनिटांत दाखवता येतं, तरी बोटाला सुई टोचून घेतलेल्या मुली भेटतात. टोचल्यावर पाण्याने धुऊन, पट्टी लावून पुन्हा सक्शन धरायला उभ्या. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसांची : पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. डॉक्टरांनी स्वतः ती शिकत असतानाच घेतलेली असते. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला ती न देता कामाला लावणं हा माझ्या लेखी अन्याय आहे. एक्स-रेचंही तसंच. न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. एडमंड केल्स यांनी 1885 मध्ये दवाखान्यात मदतनीस बाई नेमली. या पेशाचा इतिहास तिथून सांगतात. हेच केल्स पुढे दातांच्या एक्स-रेचे अग्रणी झाले, आणि त्याच किरणांनी त्यांची बोटं गेली, मग हात गेला. आजचे डोस फार कमी आहेत, तरी पेशंटच्या तोंडात सेन्सर स्वतःच्या बोटाने धरून उभं राहायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

कायद्याने तरी तिची दखल घ्यायची. 1948 च्या दंतवैद्य कायद्यात दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा नोंदवह्या ठेवल्या गेल्या. खुर्चीशेजारी दिवसभर उभी राहणारी त्यात कुठेच नव्हती. डेंटल कौन्सिलने डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंटचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला, पण तो न करता काम करणारीला कोणी अडवत नाही आणि करून आलेलीला कोणी जास्त पगार देत नाही. मग घरात एक पगार कमी करून वर्षभर शिकायला बसायचं कोणी? राज्याचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आला तेव्हाच दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागांना त्यातल्या बहुतेक तरतुदींतून सूट मिळाली. दोन खुर्च्यांचा दवाखाना त्या सुटीत आपोआप बसतो.

डॉक्टरांची तक्रार मला माहीत आहे : ‘शिकवलं की सोडून जातात.’ जाणारच. मॉलमधल्या काउंटरवर तेवढाच पगार मिळतो आणि तिथे कोणाचं रक्त अंगावर उडत नाही. राहावी असं वाटत असेल तर दरवर्षी पगार वाढवा, आणि तिच्या हातात दुसऱ्या दवाखान्यात दाखवता येईल असा कागद द्या. स्टेशनबाहेरचे शंभर टक्के नोकरीवाले क्लास असा कागद विकतात. मुलींनी तिथे पैसे भरण्याआधी एवढं विचारावं : प्रॅक्टिकल कोणत्या दवाखान्यात, आठवड्याला किती तास, आणि ऑटोक्लेव्ह स्वतः लावायला मिळणार का. उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ उठून यावं.

महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे, बोरीवलीहून एका फास्ट लोकलवर. शिकवणारी माणसं आहेत, खुर्च्या आहेत, निर्जंतुकीकरणाची सोय आहे. पालिकेने मनावर घेतलं तर कामावर असलेल्या असिस्टंटसाठी रविवारचा सहा महिन्यांचा वर्ग सुरू होऊ शकतो. थिअरी बोरीवलीतल्या पालिका शाळेत, वर्ग रविवारी रिकामेच असतात, प्रॅक्टिकल नायरला. फी दवाखान्याने भरायची, मुलीच्या पगारातून कापायची नाही. प्रवेशाच्या दिवशी लसीचा पहिला डोस टोचायचा, म्हणजे वर्ग संपताना तिसराही होऊन जाईल.