गोचीड घरी कशी आणावी

साहित्य: एक हाफ पँट, उघड्या चपला आणि रविवार. राहायला बेळगावच्या टिळकवाडीत असाल तर फारच सोयीचं. दुसऱ्या रेल्वे गेटावरून निघालं की तासाभरात जांबोटीचं रान.

सतरंजी वाळक्या पाल्यावरच अंथरा. गोचिडीची पिल्लं तिथंच टपून असतात. नवशिके कुत्र्याच्या कानातली, भुईमुगाच्या दाण्याएवढी टम्म गोचीड शोधत बसतात. ती नव्हे. आपल्याला हवी ती खसखशीएवढी. माझ्या पोटरीवर नवा तीळ आला म्हणून मी बायकोला दाखवत होतो, तर तो चालायला लागला.

हंगाम नोव्हेंबर ते मे, म्हणजे ऐन सहलींचा. वाटेत मेलेलं माकड दिसलं तर फोटोला जरूर जवळ जा. माकड थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवं बिऱ्हाड शोधायला निघतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात अशीच माकडं मेली, पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. तो माकडताप २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात दिसला. जांबोटीच्या गोचिडीत तो असेलच असं नाही. तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या ज्यांना तो झाला, ते सहलीला गेलेच नव्हते. गोव्यात काजूच्या बागांत मजुरीला गेले होते. हाफ पँटीची चैन आपली, ताप त्यांना.

शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. खास औषध नाही. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत पहाटे फिरणाऱ्यांनी नावावर जाऊ नये: तिथं एकेकाळी देवीची लस व्हायची. माकडतापाची जुनी लस तर फारशी लागू पडेना म्हणून बंद झाली.

आता काढणे. शेजारच्या काकू सांगतील, ‘बिडीचा चटका द्या की ओ, आपसूक सोडती.’ निपाणीचे पाहुणे असतील तर चिमूटभर तंबाखू पुढे येईल. दोन्ही नको. डिवचलेली गोचीड पोटातलं जखमेतच ओकण्याची भीती असते. भुवया कोरायचा चिमटा घ्या, अगदी कातडीलगत धरा, न पिळता सरळ वर ओढा, मग साबणानं धुवा. हातानं चोळून चिरडायचा मोह आवरा. अमेरिकेत कनेक्टिकटला असलेला मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर लाल कड्याचा फोटो पाठवून ‘बाबा, असं दिसतंय का?’ विचारेल. ते कडं त्याच्याकडच्या लाइम रोगाचं. माकडतापात तसं काही उठत नाही.

ज्यांना गोचीड आणायचीच नाही त्यांनी लांब पँट मोज्यात खोचावी, अंगाला गोचीड दूर ठेवणारं मलम लावावं, घरी आल्याबरोबर गरम पाण्यानं आंघोळ करून काखा, जांघा, कानामागं चाचपावं. कपडे उकळत्या पाण्यात.

आणि आठवड्याभरात एकदम ताप चढला, डोकं फुटायची वेळ आली, तर डॉक्टरांना आधी रानाचं सांगा. नाहीतर ते पाणीपुरी कुठं खाल्ली तेवढंच विचारतात.