धूरवैद्य

धूरवैद्य ही जात फायरप्लेस असलेल्या घरात, पण सहसा दुसऱ्याच्या घरात, आढळते. न्यू जर्सीतल्या चार मराठी कुटुंबांनी लाँग वीकेंडला पोकोनोच्या डोंगरात केबिन भाड्याने घेतली, की त्यांत एक धूरवैद्य निघतोच. ओंडक्यांचा धूर वर जायचे सोडून खोलीत वळला, की तो बाह्या सावरत उठतो आणि म्हणतो, “सरका जरा.”

धुराचे निदान अवघड नाही. त्याला क्रम आहे. आधी धुराड्याच्या गळ्याशी असलेली लोखंडी झडप उघडी आहे का, ते पाहावे. मग लाकूड: त्यात ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. मग धुराड्यातली गार, जड हवा: वर्तमानपत्राची पेटती सुरळी झडपेपाशी धरून ती तापवली की ओढ लागते. मग खोलीत पुरेशी हवा येते का, ते बघावे. शेवटी काजळी आणि धुराड्याची उंची.

धूरवैद्य शेवटापासून सुरुवात करतो, कारण उंची बघायला बाहेर जावे लागते आणि सोबत दोन श्रोते नेता येतात. धुराडे छपरातून जिथे वर निघते तिथून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याहून २ फूट उंच हवे, हा नियम तो बर्फात उभा राहून समजावतो. नियम बिनचूक असतो. भाड्याच्या घराचे धुराडे रविवारपर्यंत वाढवता येत नाही, एवढीच अडचण.

दुसरा टप्पा इतिहासाचा. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ मध्ये फ्रान्सहून परतताना जहाजावर धुराची नऊ कारणे लिहून काढली. काउंट रम्फर्डने १७९६ मध्ये गळा अरुंद करायला सांगितला. हे सारे त्याला पाठ असते. घट्ट बंद घरात हवा कमी पडते, हे फ्रँकलिनचे पहिलेच कारण तेवढे निसटलेले असते.

तिसरा टप्पा आजीच्या चुलीचा. फुंकणी नसल्याने पिझ्झाच्या खोक्याने वारा घातला जातो. राख सोफ्यावर येते, धोक्याची घंटा कोकलू लागते. “अहो, झडप उघडी आहे ना?” हा प्रश्न बायकोने विचारायचा असतो. “ते केव्हाच बघितलं,” असे म्हणून तो वाकून हळूच बघून घेतो. ती उघडी असते.

इकडे स्वयंपाकघरात भजी तळताना लावलेला एक्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर फेकत असतो आणि तिची भरपाई धुराड्यातून, धुरासकट, होत असते. डोळे चोळत कोणीतरी खिडकी उघडते. भजी संपल्यावर फॅनही बंद होतो. ज्वाळा सरळ होतात, धूर वर जातो.

“लागली ओढ!” धूरवैद्य खोके खाली ठेवतो. निदान मात्र बदलत नाही. सोमवारी घरमालकाला ३ फुटांचा नियम सविस्तर कळवला जातो.