फुललेलं झाड गुरुजींना बघवत नाही

मानवतात कापसाचा हंगाम लागला, की बाजार समितीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि बाकी कशालाच भाव उरत नाही. अशा गावात सायकलच्या कॅरिअरला मरायला टेकलेली जास्वंद बांधून, तिच्या बुडाला एका हातानं आधार देत जाणारा माणूस लपून राहत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले असे एक गुरुजी आमच्या गल्लीत आहेत. तुमच्याही गल्लीत असतील. तिथं ते बँकेतून नाहीतर एसटीतून निवृत्त झाले असतील, एवढंच.

गुरुजींना जास्वंद फार आवडते, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. गुरुजींना आजारी जास्वंद आवडते.

आणि आजारी जास्वंदीची ददात आमच्याकडे नाही. आपलीच गोदावरी पुढं आंध्रात समुद्राला मिळायच्या आधी राजमहेंद्रीजवळ कडियमच्या रोपवाटिका लागतात. तिकडचे रोपांचे टेम्पो गावोगाव फिरतात. त्यात वीतभर रुंद फुलांच्या हायब्रीड जास्वंदी असतात. पिवळ्यावर लाल डोळा, जांभळ्यावर राखाडी कड, एखादी चक्क कॉफीच्या रंगाची. घासाघीस करून माणूस ती घरी आणतो. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला, भारतीय बागवानी संशोधन संस्थेत जास्वंदीचे संकरित वाण काढले गेलेत, मलेशियानं १९६० मध्ये जास्वंदीला राष्ट्रीय फूल केलं, हे सगळं गुरुजी विकत घेणाऱ्याला टेम्पोपाशीच ऐकवतात. मात्र झाड निवडायला मदत करत नाहीत. त्यांचं काम मे महिन्यात सुरू होतं.

मे महिन्यात परभणी जिल्ह्यातलं ऊन कळीला टिकू देत नाही. कळ्या पिवळ्या पडून देठासकट गळतात, मग पानं, मग मालकाचा धीर. मालक कुंडी घेऊन ओसरीवर येतो. गुरुजी उकिडवे बसतात. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं आहे. शेंड्याकडून ते साल खरवडत खाली येतात. तपकिरी. आणखी खाली, तपकिरी. मालक श्वास रोखून. बुडाच्या वर चार बोटं आल्यावर नखाखाली हिरवी रेघ उमटते.

“जिवंत आहे,” गुरुजी म्हणतात, आणि मालकाला काही बोलायची सोय उरत नाही.

मग कुंडी आडवी होते. बाहेरून आमची काळी माती, भेगाळलेली, ठणठणीत कोरडी. आत टेम्पोबरोबर आलेला कोकोपीटचा गड्डा, पिळला तर पाणी गळेल असा. मुळं बोटात धरली की साल निघून हातात येते आणि आंबूस वास सुटतो.

“दोन टायमाला पाणी घालायलोत की गुरुजी, रोज!”

“त्यानंच मारलंय.”

पुढचं सगळं ठरलेलं. कुजलेली मुळं कापायची, गड्डा धुऊन काढायचा, वाळू, शेणखत आणि पालापाचोळ्याच्या मोकळ्या मातीत झाड बसवायचं, फांद्या निम्म्यावर छाटायच्या आणि सावलीत ठेवून दोन बोटं खोल माती कोरडी लागेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. सावली म्हणजे काकूंच्या जुन्या नायलॉनच्या साड्या. मागच्या अंगणात त्या इतक्या टांगल्यात, की नवा माणूस लग्नाचा मांडव समजून दारात चप्पल काढतो.

रोगाच्या बाबतीत गुरुजी आणि गाव यांचं पटत नाही. जास्वंद, कापूस, भेंडी, अंबाडी ही सगळी एका कुळातली. त्यामुळं कापसावरचा मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांना जास्वंद परकी वाटत नाही. आणि मानवतात घराघराच्या मागं सरपणाला पऱ्हाट्यांचा ढीग. पिठ्या ढेकूण त्यात दडून राहतो आणि मुंग्या त्याच्या साखरपाण्यासाठी त्याला जपतात. गुरुजी शेजाऱ्यांचे ढीग काठीनं उकरून बघतात. त्यावरून एकदा शब्दाला शब्द लागला होता. घरात तर भेंडी लावायला बंदीच आहे. अंबाडीची भाजी मात्र त्यांना लागते. “कुळातलं लावायला चालत नाही, खायला बरं चालतं,” असं काकू ताट वाढताना म्हणतात.

कृषी सेवा केंद्रात गेलं की कापसाची सवय म्हणून डीएपी पुढं करतात. तिथं गुरुजींचा आवाज चढतो. जास्वंदीला स्फुरद जास्त झालं तर मानवत नाही, पोटॅश हवं. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. हिराकस द्या, गंजके खिळे पुरू नका. हे त्यांचं बरोबर असतं. मला तर वाटतं, बरोबर असतं हीच त्यांची अडचण. चुकले असते तर लोकांनी केव्हाच टाळलं असतं.

आता त्या जांभळ्या जास्वंदीचं सांगतो. चौकातल्या एका साहेबांनी ती हौसेनं आणली आणि उन्हाळ्यात घालवली. गुरुजींनी तिला बुडापर्यंत छाटून वाचवली. श्रावणात ती जोमानं फुटली आणि भाद्रपदात फुललीही: पाच पाकळ्यांचं, तांबडंलाल, साधं देशी फूल. साहेब ते फूल हातात घेऊन ओसरीवर आले.

“गुरुजी, हे तर आमच्या आजीच्या अंगणातलं.”

हायब्रीडचं कलम बहुतेक काटक देशी जास्वंदीच्या खुंटावर बांधलेलं असतं. वरची जांभळी केव्हाच वाळून गेली होती. नखाला लागलेलं हिरवं कलमाच्या गाठीखालचं, खुंटाचं होतं. गुरुजींनी गाठ दाखवली, सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, “पण झाड वाचलं का नाही?” साहेब गप्प. साहेबांच्या आई मात्र खूश. मागच्या वर्षी त्या हायब्रीड फुलाखाली गणपती सोंडेसकट झाकला गेला होता.

इथवर सगळं ठीक. झाड बरं झालं की मात्र गुरुजींचा जीव रमत नाही. फुलांनी लगडलेल्या झाडापुढं ते पाहुण्यासारखे उभे राहतात, मग हळूच वाकून माती उकरतात. “मुळं गोल फिरली असतील. कुंडी बदलून टाकू?” मालक भिडस्त असला तर बदलली जाते. ऐन बहरात मुळं हलतात, कळ्या गळतात आणि आठ दिवसांत गुरुजींना पेशंट मिळतो. कॅरिअर पुन्हा भरतं, चेहरा उजळतो.

गल्ली आता शहाणी झाली आहे. गुरुजींच्या सायकलची घंटी कोपऱ्यावर वाजली, की बायका फुललेल्या कुंड्या आत ओढतात. परवा भर आषाढात ते आमच्या शेजारी चहाला थांबले. बशी तोंडाला लावता लावता त्यांनी वर बघितलं.

“गच्चीवर चादरीखाली काय झाकून ठेवलंय?”

“वाळवण हाय, गुरुजी.”

“एवढ्या पावसात?”

“कुरडया हायत,” शेजारीण म्हणाली, “भिजवायलोत.”